भावाला चुकीने शिक्षा झाली असे वाटते, आता कोणाकडे जावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या आणि विड्या वळून घर चालवणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे की, यंत्रमागावर काम करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाला सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपावरून जन्मठेप ठोठावली असून निकालाला साडेतीन महिने झाले आहेत. भाऊ त्या रात्री कारखान्यात रात्रपाळीला होता, असे घरचे सर्वजण सांगतात. घटना डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकही नाही. मृतासोबत त्याला शेवटचे पाहिले असे एकाने सांगितले आणि भावाने काढून दिलेला म्हणून एक कोयता पोलिसांनी जप्त केला, एवढ्यावर शिक्षा झाली. खटल्याच्या खर्चात दागिने गेले, अपिलाला पैसे उरलेले नाहीत, आणि ओळखीतल्या एका माणसाने ‘वर सेटिंग करून देतो’ म्हणून दीड लाख रुपये मागितले आहेत. मदत कोठे मिळेल, असे त्या विचारतात.

ताई, मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात सत्तावीस वर्षे फौजदारी बाजूची वकिली करीत आहे. इतर काही सांगण्यापूर्वी एवढेच सांगतो, की ते दीड लाख कोणालाही देऊ नका. शिक्षेनंतर घर सैरभैर झालेले असते, आणि नेमकी त्याच वेळी अशी माणसे न्यायालयाच्या आवारात, तुरुंगाच्या मुलाखतीच्या रांगेत आणि कधी कधी आपल्याच नात्यात भेटतात. ज्या कामाचे ते पैसे मागतात ते काम त्यांच्या हातात नसते, आणि जे काम खरोखर करावयाचे आहे त्यासाठी तुमच्या भावाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता कायदेविषयक मदत मिळते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांनाही त्याच कलमाखाली ती मिळते, म्हणजे कुटुंबासाठी एखादा अर्ज तुम्हाला स्वतःच्या नावाने करावा लागला तरी वकील मोफतच मिळेल.

त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. तेथे साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे, परंतु सोलापुरात राहणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष जाऊन अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी, हे मला अधिक खात्रीचे वाटते. भाऊ स्वतःसुद्धा तुरुंगातून अपील करू शकतो. अधीक्षकांकडे अर्ज दिला की तो योग्य न्यायालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक असते, आणि तुरुंगातील विधी सहाय्य केंद्रात येणारे वकील आणि स्वयंसेवक तो लिहून देतात. ‘जेल अपील म्हणजे गरिबाचे अपील, ते कोणी वाचत नाही’ असे आत सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. जेल अपिलातही न्यायालय वकील नेमते आणि तेच पुरावे तपासते. फरक पडतो तो नेमलेल्या वकिलाच्या हाती कागद आणि माहिती किती येते यावर, आणि तेवढे काम कुटुंबाला करता येते.

आता मुदतीविषयी. सत्र न्यायालयाच्या जन्मठेपेवरचे अपील उच्च न्यायालयात साठ दिवसांत करावे लागते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असल्याने, पूर्वी ज्याला कलम ३७४ चे अपील म्हणत ते आता कलम ४१५ चे म्हटले जाते. अपिलाचा मार्ग तोच राहिला आहे. तुमचे साठ दिवस उलटून गेले आहेत, पण त्याने दार बंद होत नाही. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेला काळ मुदतीतून वजा होतो आणि उरलेला उशीर माफ करण्यासाठी मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. येथे एका लहानशा गोष्टीकडे नीट बघा. प्रमाणित नकलेच्या मागच्या बाजूला शिक्का असतो आणि त्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती हाती दिल्याची अशा तीन तारखा शाईने भरलेल्या असतात. किती दिवस वजा करायचे ते या तारखांवरून ठरते. अनेक घरांत झेरॉक्स काढताना फक्त पुढची बाजू काढतात आणि मूळ प्रत कोठेतरी हरवते. तसे होऊ देऊ नका.

तुरुंगात असलेल्या माणसाच्या उशिराकडे न्यायालये सहानुभूतीने पाहतात, आणि त्यामागे आपल्याच राज्यातील एका प्रकरणाचा मोठा वाटा आहे. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात कैद्याला वरच्या न्यायालयात जाण्यास चार वर्षांहून अधिक उशीर झालेला होता आणि निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही असे त्याचे म्हणणे होते. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत वेळेत आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची त्याची सही घेतली पाहिजे, आणि गरज असेल तर अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सुचवले की, शिक्षेच्या निकालाच्या प्रतीसोबत मोफत विधी सहाय्याची माहिती देणारे एक पान जोडले जावे. भावाला मिळालेल्या प्रतीला तसे पान जोडलेले आहे का, ते पाहा. प्रत त्याच्या हाती कधी पडली, ती तारीखही त्याला विचारून लिहून ठेवा.

अपील कोठे चालेल, हा आपल्या जिल्ह्यासाठी बदललेला भाग आहे. पूर्वी सोलापूरच्या प्रत्येक अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. एका रात्रीत जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर वकील भेटणे, ही गरीब कुटुंबासाठी फार मोठी सोय आहे. सोलापूरच्या प्राधिकरणात दिलेला अर्ज तेथून उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे पाठवला जातो, त्यामुळे पहिल्या अर्जासाठी कोल्हापूरला जाण्याचीही गरज नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो थोडा कठोर वाटला तरी ऐकून घ्या. भाऊ निर्दोष आहे याची तुम्हाला खात्री आहे, पण ती खात्री उच्च न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. अपील म्हणजे नव्याने चालवलेला खटला नसतो. खालच्या न्यायालयात जे पुरावे आले त्यांतून गुन्हा निःसंशय सिद्ध झाला का, एवढेच तेथे तपासले जाते. म्हणून तुमची सारी शक्ती संपूर्ण रेकॉर्ड मिळवण्यावर लावा. त्यात निकालपत्राबरोबरच दोषारोपपत्र, फिर्याद, सर्व पंचनामे, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आरोपीचा जबाब आणि रोजनामा हे सगळे येते. रोजनामा बहुतेक लोक मागतच नाहीत, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करतो. कोणत्या तारखेला कोणता वकील हजर होता, साक्षीदाराची उलटतपासणी झाली की ‘उलटतपासणी नाही’ अशी नोंद होऊन तो सुटला, वकील ऐनवेळी बदलला का, हे रोजनाम्यात दिसते. आधीचे वकील नीट लढले नाहीत अशी नुसती तक्रार अपिलात फारशी टिकत नाही, पण तयारीला वेळच मिळाला नाही हे रेकॉर्डवरून दाखवता आले तर त्याला वजन येते. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका फाशीच्या प्रकरणात, सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी वेळ दिला नव्हता या कारणावरून शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला होता.

कागद वाचायचे म्हणजे काय, ते एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी खुनाच्याच एका प्रकरणाचे कागद माझ्याकडे आले. त्यातही हत्यार जप्त झाल्याचा पंचनामा होता, दोन पंचांच्या सह्या होत्या आणि हत्याराच्या पाकिटाला लाख लावून लेबल चिकटवलेले होते. पंचनाम्याची वेळ सकाळी साडेसात होती, फिर्याद दाखल झाल्याची वेळ दहा वाजून दहा मिनिटे होती, आणि साडेसातच्या पंचनाम्यावर त्याच हस्ताक्षरात आणि त्याच शाईने गुन्ह्याचा रजिस्टर क्रमांक लिहिलेला होता. जो गुन्हा अजून नोंदला गेला नव्हता त्याचा क्रमांक साडेसातला कोणाला माहीत असणार? खटल्यात तपास अधिकाऱ्याला हे कोणी विचारले नव्हते. मलासुद्धा ते तिसऱ्या वाचनात दिसले. त्या एका मुद्द्यावर तो माणूस सुटला असे मी म्हणणार नाही, पण अपिलात जप्तीवरचा विश्वास डळमळला तो तेथून. सुटका झाली तेव्हा त्याची नऊ वर्षे आत गेली होती आणि त्याची मुलगी त्याला ओळखत नव्हती. हे लिहिताना आजही मला त्रास होतो, कारण तो कागद पहिल्या दिवसापासून फायलीत होता.

तुमच्या प्रकरणात याच जागा पाहाव्या लागतील. कोयता कोठे सापडला? सर्वांना ये-जा करता येईल अशा उघड्या जागी सापडला असेल तर त्या जप्तीची किंमत कमी होते. भावाने दिलेले निवेदन त्याच्याच शब्दांत लिहिले आहे की पोलिसी भाषेत? पंच स्थानिक होते की प्रत्येक पंचनाम्यात दिसणारे नेहमीचेच? जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत मुद्देमाल किती दिवस पोलीस ठाण्यात पडून होता, आणि त्या काळातली मुद्देमाल रजिस्टरची नोंद न्यायालयात आली का? कोयत्यावर रक्त मिळाले असेल तर त्याचा गट जुळला की ते केवळ ‘मानवी रक्त’ एवढेच निघाले? शेवटचे एकत्र पाहिले ती वेळ आणि मृत्यूची वेळ यांत किती तासांचे अंतर आहे? अंतर मोठे असेल तर मध्ये दुसरे कोणी येण्याची शक्यता उरते. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळीचा प्रत्येक दुवा पक्का हवा आणि ती साखळी आरोपीच्या दोषाशिवाय दुसऱ्या कोणत्याही निष्कर्षाकडे जाता कामा नये, हे शरद बिर्धीचंद सारडा या १९८४ च्या महाराष्ट्रातीलच निकालाने घालून दिलेले तत्त्व आजही प्रत्येक न्यायालयात वाचून दाखवले जाते.

रात्रपाळीच्या मुद्द्यावर वेगळे बोलतो. भावाच्या जबाबात, म्हणजे न्यायाधीशांनी पुराव्यानंतर त्याला प्रश्न विचारून जो लिहून घेतला त्यात, ‘मी कारखान्यात होतो’ हे आले आहे का, ते सर्वप्रथम पाहा. आलेले असेल आणि पुरावा मात्र दिला गेला नसेल, तर अपिलात जादा पुरावा घेण्याची विनंती नव्या संहितेच्या कलम ४३२ खाली (जुने कलम ३९१) करता येते. ती सहज मान्य होत नाही, आणि आधी कोठेही न सांगितलेली गोष्ट अपिलात पहिल्यांदा सांगितली तर न्यायालय ती नंतर सुचलेली समजते. यंत्रमागाच्या कारखान्यात रीतसर हजेरीपत्रक असेलच असे नाही, पण नगावर मजुरी असते तेथे कोणत्या मागावर किती टॉवेल किंवा चादरी उतरल्या याची मुकादमाची वही असते आणि आठवड्याचा हिशेब त्यावरच होतो. ती वही रद्दीत जाण्यापूर्वी ती कोठे आहे हे वकिलांना कळवा. तुम्ही स्वतः ती उचलून आणू नका आणि तिच्यावर काही लिहू नका. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षेच सांभाळाव्या लागतात, तेव्हा त्या मागवायच्या असतील तर तो अर्ज आजच्या आज व्हायला हवा.

साक्षीदाराच्या दारात जाऊ नका, हेही कळकळीने सांगतो. ‘तो आता खरे बोलायला तयार आहे’ म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. शपथेवर दिलेली साक्ष अशा कागदाने पुसली जात नाही. उलट दबाव आणल्याचा संशय येतो आणि चांगले अपील नासते. असे काही कानावर आले तर ते फक्त वकिलांना सांगा.

अपील दाखल होताच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून कलम ४३० खाली (जुने ३८९) अर्ज करावा लागतो. खुनाच्या प्रकरणात तो मिळणे कठीण असते, पण अशक्य नसते. अपील पाच-सहा वर्षे ऐकले जाणार नसेल आणि शेवटी माणूस निर्दोष ठरला तर त्या वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच विचारून ठेवला आहे. पहिला अर्ज फेटाळला तरी काही काळाने, सुनावणी लांबल्याच्या आधारावर, तो पुन्हा करता येतो. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) हे निराळे मार्ग आहेत. त्यांसाठी अर्ज केला म्हणून गुन्हा कबूल केला असे होत नाही, त्यामुळे तो संकोच भावाने मनातून काढून टाकावा.

घटनेच्या वेळी भाऊ किती वर्षांचा होता, ते तुम्ही लिहिलेले नाही. अठरा पूर्ण नसतील अशी पुसटशीही शक्यता असेल तर शाळेचा दाखला लगेच काढा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९ प्रमाणे हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटचा निकाल लागून गेल्यावरही मांडता येतो. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे २०२३ मध्ये सिद्ध झाले आणि अठ्ठावीस वर्षांनंतर तो बाहेर आला.

उच्च न्यायालयात अपयश आले तर नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते, आणि तेथेही मोफत मदतीसाठी स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. त्यापुढे पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाकडे फेरविचाराची मागणी, आणि क्वचित उपचारात्मक (क्युरेटिव्ह) याचिका असते. या शेवटच्या पायऱ्यांवर फार थोड्यांना यश मिळते. तरीही महाराष्ट्रातील २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशीची शिक्षा ठोठावली होती आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले, राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले आणि तपासावर ताशेरे ओढले. सोलापूरकरांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावे असे मला वाटते. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून आपल्या ‘सेटलमेंट’ या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला, परंतु गुन्हा घडला की पहिला संशय कोणावर जातो, हे आमच्या बार रूममध्ये सगळ्यांना माहीत आहे.

भरपाईची आशा मात्र आज धरू नका. चुकीने शिक्षा भोगलेल्याला नुकसानभरपाई देणारा वेगळा कायदा आपल्याकडे झालेला नाही. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. तोवर घटनेच्या अनुच्छेद ३२ किंवा २२६ खाली न्यायालयाकडे मागणे हाच मुख्य मार्ग आहे.

राहिला तुमचा आणि घराचा प्रश्न. भावाची मुले लहान असतील तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा आणि शाळेत मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या, कारण वर्गात मुलांना काय ऐकावे लागते ते घरी येऊन ती सांगत नाहीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करीत आहे, त्यांच्याशी संपर्क साधता येईल. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. कैद्याच्या बहिणीलाही आधार लागतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

भावाला येरवड्याला हलवले असेल तर प्रत्येक वेळी जाणे परवडणार नाही. महिन्यातून एकदा पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन त्याच रात्री परतणारी कितीतरी सोलापूरची कुटुंबे मला माहीत आहेत. ज्या हुतात्म्यांच्या स्मरणाने ती गाडी धावते, त्या आपल्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी त्याच येरवड्यात फाशी दिली गेली आणि त्यांच्यावरचा आरोप सोलापूरने कधीच खरा मानला नाही. अधल्यामधल्या आठवड्यांत ई-मुलाखतीची नोंदणी करून व्हिडिओवर बोलता येते. जवळच्या सायबर कॅफेत ती करून मिळेल.

सोमवारी प्राधिकरणात जाताना निकालाची मूळ प्रत, भावाचा कैदी क्रमांक, तुमचे ओळखपत्र आणि आधीच्या वकिलांकडून परत घेतलेली फाइल एवढे सोबत न्या. फी बाकी असली तरी फाइल अडवू नये, असे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो. ती मिळत नसेल तर तेही अर्जात लिहा. अपील दाखल होऊन क्रमांक मिळाला की तो क्रमांक, वर्ष आणि नेमलेल्या वकिलांचे नाव एका पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून भावाला पाठवा.